दुधाची वाटी आधी बाजूला ठेवा: दारातल्या मांजरपिल्लांना घरी आणताना

कोल्हापुरात मांजराचं पिल्लू ओरडायला लागलं की घरातलं कुणीतरी दुधाच्या पातेल्याकडे वळतंच. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून घेऊन धारोष्ण दूध पिणारं हे गाव. इथं दूध देणं म्हणजे जीव लावणं. मीही पहिल्यांदा तेच केलं. शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात, पडक्या वाड्याच्या जोत्याला लागून तीन पिल्लं सापडली होती. वाटीभर सायीचं दूध पुढ्यात ठेवलं, बोट बुडवून चाटवलंही. दुसऱ्या दिवशी तिघांनाही हगवण. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात बारकं पिल्लू थंडगार. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "ताई, ह्यांची आई कुठंय, बघितलं होतं का?" बघितलं नव्हतं. ती दोन रात्री कौलांवरून हाका मारत हिंडत होती आणि मला वाटत होतं, बोके भांडतायत.

नंतर बोळातल्या, मैत्रिणींच्या गल्लीतल्या बऱ्याच पिल्लांचं केलं. काय करायचं ते त्याच क्रमानं सांगते.

आधी लांबून बघा

पिल्लं एकटी दिसली म्हणजे टाकलेलीच असतात असं नाही. पोट भरायला मांजरी तासन्‌तास बाहेर असते. शिवाय मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं, हे आपण म्हणतोच. जागा बदलताना ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, आणि नेमके त्या मधल्या वेळात तुम्ही तिथं पोचलात तर मागं राहिलेली एक-दोन पिल्लं अनाथ वाटतात. तेव्हा उचलून आणलीत, तर त्यांना अनाथ तुम्ही केलंत.

पिल्लांकडे नीट बघितलं की निम्मं उत्तर मिळतं. एकमेकांवर ढीग करून गप झोपलीत, पोटं टम्म आहेत, अंग कोरडं आणि उबदार आहे, तर आई येऊन-जाऊन आहे. सारखी किंचाळतायत, अंग गार, पोट आत गेलेलं, अंगावर मुंग्या, तर ती बराच वेळ आलेली नाही.

खात्रीसाठी माझा भरवसा पिठावर. मूठभर जोंधळ्याचं पीठ पिल्लांभोवती हातभर अंतरावर गोल भुरभुरायचं आणि घरात निघून जायचं. तुम्ही तिथं उभे राहिलात तर ती येणार नाही. दोन-तीन तासांनी बघायचं. पीठ मोडलेलं असलं आणि त्यात गोल, नखं न उमटलेली पावलं दिसली की आई येऊन गेली. लांबट बोटांचे बारके ठसे असतील तर ती घूस. मग पहारा वाढवा. डोळेही न उघडलेली पिल्लं असतील तर दोन-तीन तासांपेक्षा जास्त थांबू नका, ती फार लवकर गार पडतात. गुबगुबीत, धडपडत चालणारी असतील तर सकाळपर्यंत वाट बघायला हरकत नाही.

माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हे खरं नाही. पण तासातासाला जाऊन बॅटरी मारून बघितलंत, गल्लीतली पोरं गोळा केलीत, तर ती मुक्काम हलवणार.

काही वेळा मात्र वाट बघायचीच नाही. पिल्लू जखमी असेल, जखमेत अळ्या असतील, भिजून गार झालं असेल, कुत्री मागावर असतील, किंवा आई रस्त्यावर मेलेली दिसली असेल, तर सरळ उचला. आणि पंचगंगेला पाणी चढत असेल तेव्हा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ज्यांनी काढलंय त्यांना हे आकडे पाठ आहेत. नदीकडच्या पेठांत राहत असाल तर ३९ ची बातमी आली त्याच दिवशी जिन्याखाली, जोत्यात, बंद पडलेल्या गाड्यांत एकदा वाकून बघा. मांजरी पिल्लं माळ्यावर नेते, पण एका वेळी एकच. पाणी तिच्यासाठी थांबत नाही.

उसाच्या फडातलं पिल्लू असेल तर

हे शहराबाहेरच्यांसाठी. तोडणीच्या हंगामात फडात कधीकधी इवलाली पिल्लं सापडतात आणि ती मांजराचीच असतात असं नाही. वाघाटी, म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, उसात पिल्लं घालते. करड्या-तपकिरी अंगावर तांबूस ठिपके, कपाळावरून मागे जाणाऱ्या पट्ट्या, लहान गोल कान. असं काही दिसलं तर फोटोसाठीसुद्धा घरी आणू नका. त्या भागातली तोड थांबवायला सांगा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरावर कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे रानमांजर पाळणं गुन्हा आहे. आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन पिल्लं घेऊन जाते.

वय ओळखायचं कसं

पुढचं सगळं वयावर ठरतं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले: आठवडा-दहा दिवसांचं. डोळे उघडे पण निळसर, चालताना डुलतंय: दोन-तीन आठवडे. कान उभे, हिरड्यांतून तांदळाच्या कणीसारखे दात, भावंडांशी कुस्ती: चार आठवडे. तुम्हाला बघून फिस्कारतंय आणि पाइपवर चढून पळतंय: सहाच्या पुढे.

वजन हा दुसरा पुरावा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर स्टीलचा उभा डबा ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि पिल्लू डब्यात सोडायचं. साधारण दर आठवड्याला शंभर ग्रॅम धरा: चार आठवड्यांचं चारशेच्या आसपास, आठ आठवड्यांचं सात-आठशे. आपल्याकडची पिल्लं थोडी हलकी भरतात. वहीत रोज त्याच वेळी वजन लिहा. पिल्लू खेळतंय, पितंय, पण दोन दिवस काटा हलला नाही, तर काहीतरी बिघडलंय. डोळ्यांना दिसायच्या आधी ते काट्याला कळतं.

आई असेल तर

सगळ्यात स्वस्त आणि उत्तम सोय आईच. तिला खायला घाला, पाणी ठेवा, पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून त्यात जुनं पांघरूण टाका आणि पिल्लं पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत तिच्याकडेच राहू द्या. त्याच काळात तुमची सवय मात्र लावायला घ्या. दोन ते सात-आठ आठवडे या काळात माणूस ओळखीचा झाला तर झाला; त्यानंतर दर आठवड्याला ते अवघड होत जातं. चार-पाच महिन्यांचं, कधी हात न लागलेलं मांजर मांडीवर बसवण्याचा हट्ट मी आता करत नाही. त्याची नसबंदी करून, लस देऊन, होतं तिथंच सोडणं आणि जेवण चालू ठेवणं हे त्याच्यासाठी बरं.

पकडायचं

दोन-तीन दिवस एकाच वेळी, एकाच ताटलीत खाणं ठेवा. ताटली वाजवायची सवय लावा. मग ताटली रोज थोडी पुढे, शेवटी पिंजऱ्याच्या किंवा कॅरियरच्या आत. आमच्याकडे कॅरियर नव्हता तेव्हा प्लास्टिकच्या जाळीच्या दोन बुट्ट्या एकावर एक पालथ्या घालून सुतळीनं बांधल्या होत्या. हवा खेळती राहते आणि स्कूटरवर मांडीवर बसते. पिशवीत घालून तोंड बांधून कधीही नेऊ नका.

बिचकणाऱ्या पिल्लांसाठी जुना डाव: मोठी बुट्टी काठीवर टेकवायची, काठीला दोरी, खाली उकडलेलं चिकन, आणि दोरी घेऊन दाराआड. बुट्टी पडली की लगेच वरून चादर टाका, अंधार झाला की पिल्लू शांत होतं. उंदराचा पिंजरा मात्र नको, त्याच्या दाराची स्प्रिंग पायावर नाहीतर शेपटीवर बसते. शक्यतो सगळी भावंडं एकाच दिवशी पकडा. राहिलेलं एक पिल्लू दुसऱ्या वेळी फार हुशार झालेलं असतं.

टॉवेल जाड घ्या आणि तरीही चावलं तर लपवू नका. जखम वाहत्या नळाखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं. हातावर कातडीत देतात त्या रेबीजच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागेल का ते विचारा. "एवढंसं तर पिल्लू आहे" असं म्हणणारे शेजारी भेटतील. त्यांना चहा द्या आणि दवाखान्यात जा.

पहिली रात्र

घरात सोडून देऊ नका. न्हाणीघर किंवा छोटी खोली पुरे. फ्रीजच्या मागची फट, कोठीखालची जागा, गॅस सिलिंडरचा कोनाडा आधी बंद करा. आमचं एक पिल्लू तांदळाच्या कोठीखाली शिरलं आणि रात्री दीड वाजता घरातल्या चौघांनी मिळून कोठी हलवली. घरात आधीचं मांजर असेल तर निदान दोन आठवडे दोघांची भांडी, कापड, खोली वेगळी.

बारक्या पिल्लाला आधी ऊब, मग खाणं. गार अंगाच्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, बाटली मोज्यात घालून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला, म्हणजे उकडलं तर पिल्लाला लांब सरकता येतं. पोटाला हात लावल्यावर ऊब लागली की मग भरवायचं. अगदीच मलूल असेल तर साखरेच्या घट्ट पाण्याचा थेंब हिरड्यांवर चोळा आणि दवाखाना गाठा.

काय आणि कसं भरवायचं

गाईचं-म्हशीचं दूध नको. त्यातली दूधसाखर पिल्लाला पचत नाही, हगवण लागते, आणि दोनशे ग्रॅमच्या जिवाच्या अंगातलं पाणी एका दिवसात संपतं. मांजरपिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते; प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात किंवा डॉक्टरांकडे विचारा. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला, घट्ट केल्यानं पिल्लू लवकर वाढत नाही. रात्री-अपरात्री पावडर मिळालीच नाही तर एका रात्रीची सोय म्हणून बकरीचं दूध चालवून घ्यावं, पण सकाळी पावडर आणायचीच.

बिनसुईची १ किंवा २ मिलीची सिरिंज घ्या. पिल्लू पोटावर, जसं आईला पितं तसं. बाळासारखं उताणं अजिबात नाही, दूध थेट फुप्फुसात जातं. सिरिंजचं टोक ओठांच्या कडेनं आत घालून एक थेंब सोडायचा, जिभेची गिळण्याची हालचाल दिसली की पुढचा. नाकातून दूध आलं म्हणजे तुम्ही घाई केलीत. शंभर ग्रॅम वजनाला एका वेळी जास्तीत जास्त ४ मिली, दिवसभरात २० ते २५ मिली. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पुढे चार-चार तासांनी. घरात पाळ्या लावा. आमच्याकडे पहाटेची पाळी सासऱ्यांची, कारण ते तसेही चारला उठतात.

तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू स्वतःहून लघवी करत नाही; आई चाटून करवते. प्रत्येक वेळी भरवल्यावर कोमट पाण्यात बुडवलेला कापूस शेपटीखाली हलक्या हातानं फिरवायचा. हे कुणी सांगत नाही, आणि यावाचून पिल्लं जातात.

चौथ्या आठवड्यापासून पावडरच्या दुधात किटन फूड कालवून लापशी करा. पुढे हळूहळू दूध कमी. चिकन उकडून द्यायचं तर मीठ, कांदा, लसूण काही नको. पांढऱ्या रश्श्यातला तुकडा पाण्याखाली धुऊन दिला तरी कांदा-लसूण त्यात मुरलेलाच असतो आणि तो मांजराच्या रक्ताला घातक आहे. दूध-चपातीवर आमच्या आजीची मांजरं जगली, हे खरं. ती दिवसभर उंदीरही खात होती, हे आजी सांगायची नाही. मांजराला मांसातलं टॉरिन हे पोषकद्रव्य लागतंच.

शीच्या तबकात साधी नदीची वाळू धुऊन, उन्हात वाळवून घाला. पाण्यानं गोळे होणारं लिटर, म्हणजे तबकात घालायची विकतची भुकटी, चार महिन्यांपर्यंत टाळा, पिल्लं ते खातात. उद्यमनगरात कुणी ओळखीचं असलं की फाउंड्रीची वापरलेली काळी वाळू फुकट मिळते. ती आणू नका, त्यात रसायनं असतात. तबक रोज साफ करा. घरात कुणी गरोदर असेल तर ते काम दुसऱ्यानं करायचं.

पिसवा, डोळे, दवाखाना

फणी फिरवल्यावर मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे दाणे निघाले तर ते ओल्या कागदावर ठेवा. तांबूस डाग पसरला की पिसवा आहेत. बारक्या पिल्लाचं रक्त पिसवा अक्षरशः पिऊन संपवतात. हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर. घरी उपाय एवढाच: कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, फणी, आणि लगेच कोरडं करणं. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजर आचके देत मरतं. पॅरासिटामॉलचंही तसंच. आणि ज्या फरशीवर पिल्लू फिरतं तिथं फिनेल बंद.

डोळे चिपडांनी चिकटले असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून आतून बाहेर पुसा. घरात पडलेले माणसांचे ड्रॉप घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जातो.

पहिल्या तीन-चार दिवसांतच डॉक्टरांकडे एक फेरी करा. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून, दर पंधरा दिवसांनी, वजनावर मोजून; म्हणून ती वही सोबत न्या. आठ आठवड्यांनी तिहेरी लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची. लसीआधी पिल्लानं अचानक खाणं सोडलं, उलट्या करून पाण्याच्या भांड्याशी मान टाकून बसलं, तर तासाभराचाही उशीर नको. तो मांजरांचा पार्व्हो, म्हणजे विषाणूचा जीवघेणा आजार, असू शकतो, आणि त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकतो.

माणसाळवताना आणि घर शोधताना

जमिनीवर बसा. उभा माणूस पिल्लाला ताडाएवढा दिसतो. पहिले दोन दिवस नुसतं बसून पेपर वाचा, मोठ्यानं वाचला तरी चालेल. मग बोटाच्या टोकाला चिकन. खाताना मानेमागं एक बोट, मग दोन. टक लावून बघू नका, डोळे सावकाश मिटून उघडा. दोरीनं खेळवा, पण खेळ झाला की दोरी उचला. सुई-दोरा आणि मांजा पोटात गेला तर शस्त्रक्रियाच.

सगळी ठेवता येत नाहीत, हे लवकर मान्य करा. आठ आठवड्यांच्या आत कुणाला देऊ नका, आणि जमलं तर दोन एकत्र द्या. न्यायला येणाऱ्याला मी चार प्रश्न विचारते: गॅलरीला जाळी आहे का, घरातल्या सगळ्यांना चालणार आहे का, गावाला गेल्यावर कोण बघणार, आणि नसबंदी करणार का. शेवटच्या प्रश्नावर जो हसतो त्याला पिल्लू मिळत नाही. लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात उंदरांसाठी मांजर मागतात, त्याला काहींचा विरोध असतो. माझा नाही. लस आणि नसबंदी करून, रोज पोटभर खायला घालणार असेल तर दुकान हे मांजराला आवडतं घर आहे. उपाशी ठेवलं की जास्त उंदीर धरतं, असं म्हणणाऱ्या दुकानदाराकडून मात्र मी पिल्लू परत आणलंय. "नको झालं" म्हणून रंकाळ्यावर नेऊन सोडणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली गुन्हा ठरू शकतो, हे देतानाच सांगून ठेवा.

मांजरीचं काय

पिल्लं गेली, आता सुटलो, असं वाटतं तिथंच बहुतेक जण थांबतात. मांजरी पिल्लांना पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते, आणि साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते. म्हणजे पहिल्या पिल्लांना घरं मिळेपर्यंत जोत्याखाली दुसरी तयार. पिल्लं दूध सोडून खायला लागली की तिला पिंजऱ्यात पकडून नसबंदीला न्या. पिंजरा विकत घ्यावा लागत नाही. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मंडळींकडे किंवा डॉक्टरांकडे उसना मिळतो. आदल्या रात्री किती वाजता खाणं बंद करायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि टाके बघून ते सांगतील तितके दिवस तिला कोरड्या खोलीत ठेवा. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक थोडं कापून घ्या, म्हणजे पुढे कुणी तिला पुन्हा पकडून त्रास देणार नाही. ठेवलेल्या पिल्लांचीही पाचव्या महिन्याच्या सुमारास करून टाका. माद्या चौथ्या महिन्यातच माजावर येऊ शकतात.

आमच्या बोळातल्या त्या मांजरीला पकडायला बारा दिवस लागले. ती माझ्या पायाचा आवाज ओळखायची आणि पिंजरा बघितला की कौलावर. शेवटी बाराव्या दिवशी शेजारच्या काकूंनी पिंजऱ्यात ताजा बांगडा ठेवला आणि मला घरात बसायला सांगितलं. दहा मिनिटांत दार पडलं. आता तिचा डावा कान थोटा आहे. संध्याकाळी सातला ती जोत्यावर येऊन बसते, मी ताटली ठेवून चार पावलं मागं सरले की खाते. हात अजून लावू देत नाही.